साडूंनी बांधलेली फटफटी

जगातली कुठलीही वस्तू तिच्या योग्य जागी ठेवलेली आहे, यावर माझ्या साडूंचा कधीच विश्वास बसला नाही. ब्रह्मदेवाने सृष्टी घाईत जुळवली, सुटे भाग इकडचे तिकडे लागले, आणि ते हळूहळू दुरुस्त करायचं काम आता आपल्यावर येऊन पडलं आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्या अमरावतीच्या घरात सायकलची घंटा स्वयंपाकघराच्या दाराला होती आणि देवघरातली घंटा सायकलला. शिवणयंत्राचं चाक आणि पायटा त्यांनी विहिरीच्या रहाटाला जोडला होता. त्यामुळे त्यांच्या पत्नीला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, बसल्या बसल्या पाणी काढता येई. झंपर मात्र बाहेरून शिवून आणावे लागत. धाकटा मुलगा झाला तेव्हा ग्रामोफोनचं यंत्र काढून पाळण्याला बसवलं. एकदा चावी दिली की पाळणा आपोआप हले. तो थांबवायची सोय करायची तेवढी राहून गेली होती. मूल रडायला लागलं की एकाने पाळण्याला मिठी मारायची आणि दुसऱ्याने मूल काढून घ्यायचं. ताई या सगळ्यावर एकच म्हणायच्या, "माह्या नशिबानं यायले डोकं भेटलं, अन् तेही उघडं."

पेशाने ते गुरांचे डॉक्टर. सरकारी. उंचीने दारात वाकावं लागे आणि रुंदीने, ताईंच्या शब्दांत, तिरपं व्हावं लागे. माणसांशी ते तुसडेपणाने बोलत, पण जनावरांशी बोलताना आवाजात लोणी येई. बैलाला 'राजे' म्हणत, म्हशीला 'बाई'. सुई टोचण्याआधी परवानगी मागत. 'बाई, थोडंसं दुखन हं, माफ करजा,' असं म्हणून ते म्हशीच्या मानेवरून हात फिरवत, आणि मालकाकडे वळून खेकसत, 'धर ना नीट, काहून उभा हायेस खांबासारखा?' मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलीकडच्या मंडळींत हे थोरले जावई म्हणून बसले होते. माझं शिक्षण, पगार, गोत्र यांपैकी त्यांनी काहीच विचारलं नाही. मला अंगणातून चालायला लावलं, मग तोंड उघडायला लावलं, आणि सासऱ्यांना निकाल दिला, "दात चांगले हायेत. चाल सरळ हाये. देऊन टाका पोरगी." त्या एका तपासणीवर माझं लग्न झालं. तेव्हापासून ते मला 'साडभाऊ' म्हणत आणि त्यांच्या सर्व उद्योगांत मला हक्काने ओढत. मी बडनेऱ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. त्यांच्या दृष्टीने हा योगायोग नव्हता. विश्वातला एक सुटा भाग तेवढा चुकून बरोबर जागी बसला होता.

फटफटीचं प्रकरण सुरू झालं ते एका बैलामुळे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावाहून बोलावणं आलं. ओला कोवळा चारा खाऊन बैलाचं पोट फुगलं होतं. अशा वेळी कुशीत योग्य जागी सुई घालून वायू काढला की जनावर वाचतं. पण त्याला फार उशीर झालेला चालत नाही. साडूंकडे सरकारने दिलेली सायकल होती. पावसाळ्यातली काळी माती ज्याने पाहिली आहे, त्याला त्या सायकलचं काय झालं असेल ते सांगायला नको. चाकांना आणि मडगार्डला चिखलाचे असे गोळे बसले की सायकल फिरेना. त्यांनी ती खांद्यावर घेतली आणि धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, चालत निघाले. पोचले तेव्हा बैल मरून पडला होता. मालक शिव्या देईल, निदान रडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तो म्हातारा उठला, घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "बसा डाक्टर, पानी घ्या. लय थकले असान."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू माझ्या ऑफिसात येऊन पार्सलांच्या ढिगावर बसले. म्हणाले, "साडभाऊ, त्यानं मले दोन शिव्या हासडल्या असत्या त मी घरी जाऊन जेवलो असतो. मले पानी काहून देल्लं त्यानं?" मग ते ढिगावरून उठले. "मले गाडी पाह्यजे," ते म्हणाले.

गाडी मिळाली अकोल्याला, एका सरकी कारखान्याच्या मागच्या अंगणात. महायुद्धात म्हणे लष्कराने काही फटफट्या अशा बनवल्या होत्या की त्या विमानातून छत्रीला बांधून खाली सोडायच्या आणि सैनिकांनी त्यांवर बसून जायचं. त्यातलीच ही एक. लढाई संपल्यावर लिलावात फिरत फिरत वऱ्हाडात येऊन गवतात पडलेली. अंगाने अगदी काटकुळी. दोन माणसांनी सहज उचलावी. साडूंना ती पाहताक्षणी आवडली, कारण चिखलात रुतली तर तिला उचलून बाजूला ठेवता येणार होतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आकाशातून पडणारे सैनिक हडकुळे असावेत, निदान ते इंजिन तशाच माणसासाठी केलेलं होतं. माझे साडू तिच्यावर बसले की ती उताराला धावे, सपाटीला चाले आणि चढाला उभी राही. चढावर ते दोन्ही पायांनी जमीन ढकलत तिला वर नेत. "ही गाडी मले नेते का मी हिले नेतो?" असं त्यांनी स्वतःच एकदा विचारलं. 'तीच नेते,' असं मी सांगितलं. नात्यातला माणूस होता.

मग थोड्याच दिवसांत ते पुन्हा ऑफिसात आले, पण या वेळी धावत. "साडभाऊ, दिल भेटलं!" बडनेरा रस्त्यावर एका कंत्राटदाराची मोठी परदेशी मोटरसायकल झाडावर आपटली होती. कंत्राटदार किरकोळ खरचटण्यावर सुटला. गाडीचा सांगाडा मात्र पापडासारखा वाकला. इंजिन तेवढं धडधाकट राहिलं. ते दोन स्ट्रोकचं इंजिन होतं, पेट्रोलमध्येच तेल कालवून पिणारं आणि निळा धूर सोडणारं, आणि त्या काटकुळ्या फटफटीच्या मूळ इंजिनाच्या दुपटीहून मोठं. साडूंनी ते उचलून आणलं होतं. ते माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल कुरकुरलं आणि माझे साहेब आतून बाहेर आले. साडूंनी साहेबांना नमस्कार केला आणि सांगितलं, "अकोल्याचं पार्सल हाये. नाजूक."

अकोल्यात लोखंड सांधणारे एक उस्ताद होते. दाढी मेंदीने रंगवलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि बोलणं असं की प्रत्येक सांध्याआधी शेर म्हणतील असं वाटावं. त्यांनी एकदा सांगाड्याकडे पाहिलं, एकदा इंजिनाकडे, आणि चष्मा कपाळावर चढवला. "डाक्टरसाब, आप बकरी के पेट में भैंसे का दिल रखना चाहते हैं."

"हाव," साडू म्हणाले. "बकरीची तयारी हाये. तुमी शिवनार का?"

उस्तादांनी हसत हसत होकार दिला, आणि त्या दिवसापासून साडूंच्या रजा आणि माझे रेल्वेचे पास अकोल्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये संपू लागले. मला वाटलं होतं, एक इंजिन काढायचं आणि दुसरं ठेवायचं, यात काय आहे? पण ते भलंमोठं धूड त्या सांगाड्यात कुठल्याच बाजूने शिरेना. पुढून घालावं तर पुढचा दांडा आड येई; तो कापून वाकवून पुढे सरकवला. बसलं एकदाचं, तर इंजिनाचं डोकं वर पेट्रोलच्या टाकीला लागलं. मग टाकीच्या पोटाला खालून खळगा पाडला आणि ती उंच केली. ती आता उंटाच्या वशिंडासारखी दिसू लागली. इंजिन धरून ठेवायला जाड पट्ट्या हव्या होत्या. साडूंनी वखराची जुनी पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, आणली. "हे लोखंड काळ्या मातीशी लढलेलं हाये, इंजिनाले काय भिते?" तिच्या पट्ट्या कापल्या, त्यांना भोकं पाडली. मग लक्षात आलं की इंजिनाचं साखळीचं चाक आणि मागच्या चाकाचं चक्र एका रेषेत येत नाहीत, बोटभर फरक राहतो. तशीच साखळी लावली तर ती तिरपी धावून निसटणार. साडू गुडघ्यावर बसले, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सुताचा दोरा ताणला, एक डोळा मिटून बघत राहिले. "कणा वाकडा हाये," असं त्यांनी निदान केलं. लोखंडाच्या चकत्या घालून, काढून, घासून, पुन्हा घालून तो कणा सरळ करण्यात सगळा हिवाळा गेला. ब्रेककडे बघायला कोणालाच वेळ झाला नाही. ते त्या जुन्या हलक्या गाडीचेच राहिले. पुढे कित्येक वर्षं ती गाडी थांबे ती आपल्या मर्जीने किंवा समोर काही आल्यावर.

पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा साडूंनी पायाने कळ मारली आणि इंजिनाने ती कळ त्यांना परत मारली. ते उडून कोळशाच्या ढिगावर पडले. दुसऱ्या खेपेस शेडचे पत्रे थरथरले, शेजारच्या पिंपळावरचे कावळे उडाले, सगळीकडे निळा धूर झाला आणि त्या धुरातून साडूंचा आवाज आला, "साडभाऊ, जिवंत हाये! जिवंत हाये!" उस्तादांनी हात वर करून दुवा मागितली. माझी अशी समजूत आहे की ती माझ्यासाठी होती, कारण मागे बसून अमरावतीपर्यंत जायचं होतं मला.

त्या प्रवासाचं वर्णन मी करू शकत नाही, कारण मला नीट काही दिसलं नाही. ती गाडी इतकी थरथरे की रस्त्यावरचं प्रत्येक झाड जोडीने दिसे. मूर्तिजापूरपाशी पुढचा दिवा गळून पडला. पुढे नंबरपाटी गेली. मी काही सांगायला तोंड उघडलं की दात एकमेकांवर आपटत. घरी उतरलो तर आमच्या दोघांचे पाय उभ्या जागी थरथरत होते. ताईंनी दारातून आम्हाला न्याहाळलं आणि माझ्या बायकोला हाक मारून म्हटलं, "ये वं, बाहेर ये. तुहा नवरा अन् माहा नवरा पाहा. दळून आणले."

आणि तरीही ती गाडी चाले. चिखलातून, नाल्यातून, नांगरलेल्या वावरातून, जिथे बंडीचे बैलही मान टाकत तिथून ती उड्या मारत जाई, कारण अंग बकरीचं आणि जोर रेड्याचा. एकच अडचण उरली, आणि ती जनावरांच्या डॉक्टराला परवडणारी नव्हती. तिच्या आवाजाला जनावरं भीत. साडू एका गावात शिरले तेव्हा ज्या गाईला तपासायचं होतं ती दावं तोडून पळाली, आणि तिच्यामागे गावातली इतर ढोरंही, निरोगी असून. पेशंट गोळा करण्यात दुपार झाली. तेव्हापासून ते गावाच्या शिवेवरच इंजिन बंद करत आणि ती गाडी ढकलत आत येत. आपल्या हातांनी केलेल्या रेड्यासारख्या इंजिनाला, घामाघूम होऊन, मुकाट्याने ढकलणारा तो अवाढव्य माणूस मला अजून दिसतो. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हसता काय? दवाखान्यात कोनी बोंबलत जाते का?"

तिची खरी परीक्षा झाली मेळघाटात. सेमाडोहच्या बाजूला गवळ्यांच्या गुरांत घटसर्पाची साथ आली. गळा सुजतो, श्वास कोंडतो आणि जनावर बघता बघता जातं. लस अमरावतीत येऊन पोचली होती, बर्फात ठेवलेली. पण खात्याची जीप परतवाड्याच्या पुढे घाटात रुतून बसली होती आणि त्यापुढचा एक नाला रस्ता घेऊन गेला होता. साडूंच्या खात्याचे साहेब म्हणाले, पाणी ओसरू द्या. साडू म्हणाले, बर्फ थांबत नाही. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो म्हणून पुढचं संभाषण माझ्या कानांनी ऐकलं. साहेब त्या फटफटीकडे बघून म्हणाले, "हे वाहन नियमात बसत नाही, डॉक्टर. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"साहेब, घटसर्प बी नियमात बसत नाही," साडू म्हणाले, आणि कळ मारली. "जबाबदारी साडभाऊची. तो मागं बसून राहिला."

लसीचा डबा पोटाशी धरून मी मागे बसलो होतो हे खरं. घाटात धुकं होतं आणि रस्त्यावरून पाणी वाहत होतं. चढावर ती गाडी अशी ओरडत होती की मला तिची दया आली. पण तिने एकदाही मान टाकली नाही. रुतलेल्या जीपजवळून आम्ही गेलो तेव्हा आतल्या ड्रायव्हरने सलाम ठोकला. त्या वाहून गेलेल्या नाल्यापाशी काही कोरकू आदिवासी माणसं उभी होती. साडूंनी त्यांना खुणेने समजावलं. त्यांनी दोन बांबू आणले, फटफटी त्यांवर आडवी बांधली आणि पालखीसारखी खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून पार नेली. मागून साडू, डबा डोक्यावर धरून. त्यांच्यामागे मी, त्यांचा सदरा धरून. त्या गाडीच्या जागी दुसरी कुठलीही गाडी असती तर तिला उचलता आलं नसतं, आणि उचलता येणारी दुसरी कुठलीही गाडी तो घाट चढली नसती. हे मला पलीकडच्या काठावर उभं राहून कळलं. साडूंना सांगायला गेलो तर ते आधीच कळ मारत होते.

आम्ही पोचण्याआधी बरीच जनावरं गेली होती. एका गोठ्यापुढे एक म्हातारी गवळण मेलेल्या म्हशीच्या डोक्याशी बसून होती. साडू तिच्याजवळ थांबले, तिच्यापुढे खाली बसले. मला वाटलं, काही धीर देतील. त्यांनी फक्त विचारलं, "बाकीच्या कुठं हायेत, माय?" तिने हात केला. मग अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून ते सुया टोचत राहिले, प्रत्येकीची 'बाई' म्हणून माफी मागत. मी जनावरं धरत होतो, आणि माझ्यावर खेकसणं चालू होतं. लस मिळालेल्यांपैकी ज्यांना आधीच ताप चढला होता त्यांतल्या काही गेल्या, बाकीच्या राहिल्या. साथ पुढच्या पाड्यावर गेली नाही. निघताना ती म्हातारी दुधाचं गडगं घेऊन आली. साडूंनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

परतताना घाटाच्या उतारावर फटफटीच्या मानेपाशी कट्कन आवाज झाला. सांगाडा तडकला होता. इतकं मोठं इंजिन इतक्या हलक्या हाडांनी तोवर पेललं, हेच नवल. एका बंडीवाल्याने तिला आपल्या बैलगाडीतल्या गवतावर आडवी घातली आणि साडू तिच्याशेजारी, टाकीवर हात ठेवून, परतवाड्यापर्यंत बसून आले. वाटेत समोरून येणाऱ्याने विचारलं, "कोन बिमार हाये जी?" साडू म्हणाले, "आमची बाई."

उस्तादांनी तिची मान सांधून दिली आणि ती आणखी काही वर्षं चालली. मग साडूंना बढती मिळाली. नागपूरला, मोठ्या कचेरीत. जीप, शिपाई, टेबल. जाताना ही गाडी न्यायची नाही असं ठरलं. कचेरीतल्या साहेबाला ती शोभणार नव्हती, आणि दुसऱ्या कोणाला विकावी तर तिच्यावर दुसरं कोणी जिवंत राहण्याची शाश्वती नव्हती. इंजिन उस्तादांनी घ्यायचं, सांगाडा मोडीत. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही नवराबायको मदतीला गेलो. सामान बांधून झालं होतं. साडू अंगणात पाने मांडून बसले होते, पहिला नट सोडवायचा बाकी होता. तेवढ्यात ताई पदर खोचून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "थांबा. मले एक चक्कर मारून आना."

साडूंच्या हातातला पाना तसाच राहिला. त्या गाडीवर मी बसलो होतो, कंपाउंडर बसला होता, एकदा एक आजारी वासरूही बसलं होतं. "तुले?" ते म्हणाले. "तू त कधी म्हटलं नाही."

"तुमी कधी इचारलं का जी?"

आपल्या धोतराच्या सोग्याने साडूंनी मागची बैठक पुसली, मग पुन्हा पुसली. ताई बसल्या, एका हाताने त्यांचा सदरा धरला, दुसऱ्याने डोक्यावरचा पदर. गाडी सुरू झाली तशी त्या ओरडल्या, आणि वळणावर पोचेपर्यंत आमच्या लक्षात आलं की त्या ओरडत नाहीत, हसताहेत. आवाज वलगावच्या रस्त्याने दूर गेला, मग ऐकू येईनासा झाला. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. दिवेलागण झाली तरी ते येईनात. माझी बायको घाबरली. मी कंदील शोधत होतो तेव्हा दोघं चालत येताना दिसले, गाडी ढकलत; एका बाजूने साडू आणि दुसऱ्या बाजूने ताई. ताईंच्या अंबाड्यात कुठल्याशा वावरातली तुरीची पिवळी फुलं होती आणि लुगड्याला काळं तेल लागलेलं. काय झालं, कुठे गेला होता, असं आम्ही विचारलं. ताई म्हणाल्या, "काही नाही," आणि आत जाऊन स्वयंपाकाला लागल्या.

ताई त्यानंतर फार वर्षं राहिल्या नाहीत. नागपूरला मी साडूंना भेटायला जाई. मोठा बंगला होता, बाहेर जीप उभी असे. प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे होती. त्यांनी कशालाच हात लावला नव्हता. एकदा संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात नुसतेच बसलो होतो. ते म्हणाले, "साडभाऊ, वलगावच्या पुढं एक चढ लागते. तिथं तिनं मले सांगितलं, जोरानं घ्या म्हणून. मी घेतली." मग त्यांनी चष्मा काढून धोतराने पुसला आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "लय सुंदर चढली हो गाडी. दोघं बसलो होतो, तरी."